मधल्या माणसाशिवाय घेतलेलं घर

"मधला माणूस हवाच कशाला? मला तोंड आहे, पाय आहेत, आणि बँक चार पावलांवर आहे," असं घड्याळजींनी जेवता जेवता सासऱ्यांना ठासून सांगितलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

सासरे एवढंच म्हणाले होते, "जावईबापू, पहिलंच घर घेताय. कर्जाची कामं करून देणारा एखादा एजंट धरा." पण सासऱ्यांचा सल्ला ऐकायचा नाही, हा घड्याळजींचा लग्नापासूनचा नेम होता.

घड्याळजी म्हणजे डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणारा भला माणूस. केसाएवढा स्क्रू त्यांच्या हातून कधी निसटला नाही. बँकेचा अर्ज मात्र तीनदा परत आला. एकदा सही भलत्याच रकान्यात, एकदा फोटो उलटा, आणि तिसऱ्यांदा 'व्यवसायाचे स्वरूप' यापुढे त्यांनी 'बारीक' असं लिहिलं होतं. शेवटी एके दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून त्यांनी गुपचूप एक एजंट गाठला.

"घरी फोन करू नका," त्यांनी बजावलं. "आमची ही कुणाला सांगायची नाही, पण तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

त्यांची ही इस्पितळात नर्स होती. नवऱ्याची तारांबळ तिला दिसत होती, पण वडिलांसमोर त्यांना खाली बघायला लावणं तिच्या जिवावर आलं. आणि घर तर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. दोनच खोल्या, पण खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल मावेल एवढी जागा होती. तिने जेवणाच्या सुट्टीत दुसराच एजंट गाठला आणि स्वतःच्या पगारावर अर्ज टाकला. कर्ज मंजूर झालं की ह्यांना हळूच सांगू, असा तिचा बेत.

पुढच्या आठवड्यात एका बँकेचा माणूस घर मोजून गेला आणि तासाभराने दुसऱ्या बँकेचा आला. घराच्या मालकीणबाई म्हणजे निवृत्त गायनशिक्षिका. त्यांनी घड्याळजींना फोन केला.

"अजून एक गिऱ्हाईक लागलंय हो मागे. मी आपली सरळ बाई. शुक्रवारी ज्याचं बँकेचं पत्र आधी येईल, त्याला घर."

हेच त्यांनी दुसऱ्या बँकेच्या मोजणीवाल्यालाही सांगितलं, त्याने एजंटला, आणि एजंटने नर्सबाईंना. ह्यांचा अर्ज तर अडकलाय, तेव्हा हा कोणी तिसराच, असं त्यांनी धरलं. त्या रात्री दोघं जेवायला बसली.

"माणसं किती लोभी असतात, नाही?" घड्याळजी म्हणाले.

"हो ना. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढायला बघतात."

"कोण गं?"

"कोणी नाही. आपलं सहज म्हटलं. भात वाढू?"

निजताना दोघांनी हात जोडले. त्या मेल्याचा अर्जही तीनदा परत येऊ दे, असं घड्याळजींनी मागितलं. बायको मनाने मऊ. तिने त्या माणसाला दुसरीकडे याहून छान घर मिळू दे, असं मागितलं. दोघांनीही आपापल्या एजंटला घाई करायला लावलं.

शुक्रवारी घड्याळजी पत्र घेऊन धापा टाकत जिना चढले, तर मालकीणबाईंच्या दारात नर्सचा गणवेश घातलेली एक बाई बेल दाबत होती. हातात तसंच पत्र.

"तू इथे काय करतेयस?"

"ते मला नंतर विचारा. तो दुसरा माणूस येण्याआधी आत चला आधी."

मालकीणबाईंनी दोन्ही पत्रं वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. "कोणाला देऊ?" त्यांनी विचारलं.

"हिला द्या," घड्याळजी म्हणाले.

"ह्यांना द्या. हे फार खपलेत."

"अहो, एकाच घरात राहणार ना? मग आतच भांडा," मालकीणबाई म्हणाल्या. बायकोच्या पत्रातलं व्याज कमी होतं, म्हणून तिचं पत्र ठेवून घेतलं गेलं.

रविवारी सासरे पेढे घेऊन आले. घड्याळजी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "बाबा, ह्यांनी सांगितलं तसंच झालं. घर मिळालं."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत आदर दिसला.

"मग असं करा, जावईबापू," ते म्हणाले. "हिच्या मामालाही घर घ्यायचंय, आणि तुमच्या धाकट्या मेव्हणीलाही. एजंटला कशाला पैसे घालवायचे? दोघांचं कर्ज तुम्हीच करून द्या. उद्या सकाळी दुकानात पाठवतो."

घड्याळजींचा पेढा घशातच अडकला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने शांतपणे पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"करतील की," ती वडिलांना म्हणाली. "एका वेळी दोन बँका सांभाळल्यात त्यांनी."