ससा आणि चिखल्या

१८९७च्या थंडीत एका सकाळी सदूभाऊ जांघ धरून आमच्या गिरगावातल्या चाळीच्या जिन्यावर कोसळले. घरोघर प्लेगचे रोगी शोधत फिरणाऱ्या पथकाने त्यांना डोलीत घालून इस्पितळात नेले.

सदूभाऊ माझे शेजारी. कापसाच्या वखारीत कारकून, विधुर. त्यांना जगात एकच वाद ठाऊक होता: पिलांवर जास्त माया कोणाची, सशिणीची की चिखल्याची? चिखल्या म्हणजे शिवडीच्या चिखलात तुरुतुरु धावणारा मूठभर पक्षी. अंड्यांजवळ कोणी आले की तो पंख मोडल्याचे सोंग करतो आणि शत्रूला आपल्यामागे दूर नेतो. रानातली सशीण पिलांना गवतात ठेवून दिवसभर फिरकत नाही. अंधारात येते, पाजते, निघून जाते.

सदूभाऊ सशिणीच्या बाजूचे. "चिखल्या नाटकी हो. जवळ राहिलं की वास लागतो, कोल्हा येतो."

वर्तमानपत्राच्या कचेरीतून मी दमून यावे, तर हे नळावर वाट अडवून उभे.

"आंघोळ करू द्या, सदूभाऊ."

"करा की. पण वास कुणाचा लागतो, ते सांगा."

माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या पानातली जिलबी उचलून सशिणीच्या जागी मांडली. मठ्ठ्याचा द्रोण म्हणजे शिवडी.

"हे तुमच्याकडचे का?" व्याह्यांनी मला विचारले. मी नाही म्हणालो.

बायको गेल्यापासून त्यांची यमू चौलला आत्याकडे होती. भेटायला का जात नाही, असे विचारले की म्हणत, "गेलो की निघताना रडते. सशीणच शहाणी."

त्या सकाळी पथक तळमजल्यावर शिरले तेव्हा वरच्या गंगूबाईंचे तान्हे मूल गोवराच्या तापाने फणफणत होते. ताप दिसला की पथक उचलून नेई. गंगूबाई मुलाला गोधडीत लपवू लागल्या.

सदूभाऊ मला म्हणाले, "तुम्ही गप्प उभे राहा. तेवढं जमेल ना?"

आणि ते कण्हत जिना उतरू लागले. डॉक्टरने प्लेगची गाठ आहे का ते पाहायला त्यांची जांघ दाबली.

"दुखतं?"

"फार."

त्यांना घेऊन पथक परतले. वरचा मजला राहून गेला. पुढे गोवर उतरला, मूल खेळू लागले.

इस्पितळात ताप, गाठ काहीच निघाले नाही, तेव्हा सदूभाऊंना सोडले. ते वाळून घरी आले.

"काय हो, चिखल्या?" मी म्हणालो.

"पाय घसरला," ते म्हणाले. मग खुंटीवरची पिशवी काढून झटकू लागले.

"चौलला जाईन म्हणतो. यमूला काय नेऊ?"

"ठकी न्या, लाकडाची बाहुली," मी म्हणालो.

"ठकीचं वय असेल का अजून?"



चौलच्या वाटेवरच्या रेवसची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटली. सदूभाऊ तिच्यात होते. काखेत ठकी होती.