मन्मथअप्पांचा डच पाढा

भूमच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रोज सकाळी साडेआठला दुकानावरून पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ मोठ्यानं म्हणत जातात, "इक मं, यै यं, है झिख, वै ओन्स, युली यं, झै झिख." नवखा माणूस थबकतो. त्याला वाटतं मंत्र असेल, नाहीतर उन्हानं डोकं फिरलं असेल. आम्ही जुनी माणसं मान वर करत नाही. हे मन्मथअप्पा, आणि हा डच भाषेतला पाढा. मी मला, तू तुला, तो स्वतःला, असा पुढे.

अप्पा याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी खिडकीमागं माईकसमोर बसून गेली. "बार्शीमार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे" हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की निवृत्त झाल्यावरही ते हॉटेलात चहा दोनदा मागतात, आणि दोन्ही वेळा त्याच चालीत. हॉटेलवाला सुरुवातीला दोन चहा द्यायचा.

दुसरी खोड म्हणजे 'समजा'. समजा, टोपी उडाली. समजा, आपण साबण लावला आन नळ गेला. अप्पांच्या डोक्यात अशी एक समजा-गाडी कायम लागलेली असते आणि ती कधी सुटत नाही. डच पाढ्याच्या त्यांनी माझ्याकडून नऊ प्रती लॅमिनेशन करून घेतल्या. एक खिशात, एक देवघरात, एक पिठाच्या डब्यावर, आणि एक माझ्या गल्ल्यात. माझ्या गल्ल्यात कशाला, असं विचारलं तर म्हणाले, समजा, घराला आग लागली.

या वयात डच कशाला, हे मात्र मी चेष्टेनं विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. अप्पांचा एकुलता एक मुलगा महेश हॉलंडात नोकरीला. सून तिकडचीच. नात लीना पाच वर्षांची, तिला डचशिवाय काही येत नाही. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा भूमला आली. घरात दोघंच असताना अंगणात पडली, गुडघा फुटला, आणि रडत रडत अप्पांना काहीतरी सांगू लागली. अप्पा हळदीची वाटी घेऊन तिच्याकडं धावले. ती पिवळी बोटं बघून पोरगी आणखी घाबरली. पुढचे दहा दिवस ती आईचा पदर, म्हणजे पँटचा खिसा, धरून राहिली.

"ती मला सांगत हुती, भारत, आन म्या खांबावानी उभा," अप्पा माझं नाव घेऊन म्हणायचे. "पुढच्या खेपंला बी असंच झालं, तर ती नात माझी ऱ्हात न्हाय."

तेव्हापासून मोबाईलवरून शिक्षण सुरू झालं. बाकी भाषा बरी चालली होती, पण या 'स्वतःला'पाशी अप्पा अडकले आणि तिथंच रमले. डच माणूस नुसती आंघोळ करत नाही, 'मी मला धुतो' म्हणतो. त्याला नुसतं आठवत नाही, तो स्वतःला आठवून देतो. लाजायचं तरी स्वतःला लाजवायचं. अप्पांचं म्हणणं, आपल्याकडं आठवण आपली आपण येती, लाज आपली आपण वाटती, माणसाच्या अंगाला काही लागत न्हाय. डच माणूस सही करून जबाबदारी घेतो.

मग शेजारच्या भाषांची चौकशी झाली. जर्मनांत तोच शब्द थोडा वेगळा, स्वीडनमध्ये आणखी थोडा वेगळा. इंग्रजांनी बराचसा टाकूनच दिला, कारण त्यांना लई घाई. पण सुनेच्या माहेरची बोली फ्रिशियन निघाली, आणि तिच्यात 'स्वतःला'साठी वेगळा शब्दच नाही हे कळल्यावर अप्पांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिथं म्हणे 'तो त्याला धुतो' एवढंच म्हणतात. समजा, दोन माणसं आंघोळीला गेली, तर कोण कुणाला धुतंय हे कंट्रोलरनं कसं ओळखायचं?

त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "माक यं खेन झॉर्खन." काळजी करू नको. शब्दाला शब्द लावला तर, तू तुला काळज्या तयार करू नको. काळजी आपणच रांधतो आन आपणच वाढून घेतो, हे त्या लोकांनी बरोबर ओळखलंय, असं अप्पा कौतुकानं सांगायचे. मी म्हटलं, मग तुम्ही रांधणं बंद करा की. त्यावर त्यांनी जरा विचार केला.

"समजा, बंद केलं, आन तेवढ्यात काय झालं तर?"

व्हिडिओ कॉलवर नात दिसली की त्यांची सगळी वाक्यं पळून जायची. मग ते अनाउन्समेंटच्या चालीत पाढा म्हणायचे, दोनदा, आणि घाबरून फोन बंद करायचे. तिकडं लीनाला वाटायचं, हे आजोबांचं गाणं आहे. ती खदखदून हसायची. ते हसू अप्पांनी कधी ऐकलं नव्हतं, मला ते महेशनं सांगितलं.

या डिसेंबरात ती आली. चार दिवस अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. पोरगी समोर आली की पेपर तोंडापुढं धरायचे, आणि तोही कधी कधी उलटा. माझ्या दुकानात येऊन मात्र घाम पुसत बसायचे.

पाचव्या दिवशी सगळे देवीच्या दर्शनाला येरमाळ्याला निघाले. बाजाराचा दिवस, स्टँडवर मुंगीला वाट नव्हती. गाडीला तासभर अवकाश होता, कारण अप्पांनी सगळ्यांना तासभर आधीच आणलं होतं. महेश पाण्याची बाटली घ्यायला वळला, सुनेला वाटलं पोरगी त्याच्यासोबत, त्याला वाटलं तिच्यासोबत. आणि लीना कुठंच नव्हती.

महेश रस्त्याकडं पळाला, सून बाजाराकडं. मी शटर अर्धं ओढून धावलो. अप्पा फलाटावरच उभे होते. आयुष्यभर ज्यांना ते भ्यायले त्या सगळ्या 'समजा' एकदम खऱ्या झाल्या होत्या, आणि आता त्यांच्या तोंडून तो शब्द फुटत नव्हता. मी त्यांना दंडाला धरून नियंत्रण कक्षात नेलं. नव्या कंट्रोलरनं न विचारता खुर्ची सोडली.

अप्पांनी माईक जवळ घेतला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," एवढं सवयीनं आलं, आणि शब्दांची गाडी थांबली. मग त्याच चालीत सुरू झालं, "इक मं, यै यं, है झिख..." कोथिंबिरीच्या गाठोड्यावर बसलेल्या बायका वर बघू लागल्या. अप्पांनी पाढा दुसऱ्यांदा म्हटला. मग एकेक शब्द सुटा करून, "लीना, माक यं खेन झॉर्खन. ओपा इस हीर." आजोबा इथं आहेत.

बार्शीच्या गाडीचा कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून तसाच थांबला. त्याच गाडीच्या तिसऱ्या खिडकीतून एक भुरं डोकं बाहेर आलं आणि ओरडलं, "ओपा!" ती बाजारकरणींच्या घोळक्याबरोबर गाडीत चढली होती. शेजारच्या बाईला वाटलं, पुढच्या सीटवाल्यांची असेल. एका मिनिटात ती बार्शीच्या वाटेला लागली असती.

माईक बंद करायचं अप्पा विसरले होते. त्यामुळं पुढचं सगळ्या स्टँडनं ऐकलं.

"भारत, बघ रं, ती येतीय का. माझं पाय उठंनात."

ती आत आली. अप्पांच्या खुर्चीपाशी उभी राहून भराभर काहीतरी सांगू लागली. अप्पांना त्यातलं निम्मंही कळलं नसावं. पण या वेळी ते खांबासारखे उभे राहिले नाहीत. खुर्चीवरून खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग तिनं पाढा म्हटला. अप्पांचा 'झिख' कुठं चुकतो तेही दाखवलं.

आठ दिवसांनी ती सगळी परत गेली. दुसऱ्या दिवशी साडेआठला अप्पा आले, पण पाढा म्हणत आले नाहीत. माझ्या स्टुलावर बसून समोरच्या स्टँडकडं बघत राहिले. मी चहा मागवला. चहा संपवून बोलले, ते चालीत नव्हतं आणि एकदाच होतं.

"महेशच्या आईला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायची गाडी म्याच पुकारली हुती. ती परत आली न्हाय. महेशची पुण्याची बी म्याच पुकारली. माझ्या आवाजावर माणसं गेलीच, भारत. गाडीतनं उतरून आलं, ते हे पोर पहिलं."