दोन तृतीयांश कॉम्प्युटर

वस्तू पारखावी तर आम्हीच, असा आमचा गल्लीत लौकिक आहे. म्हणजे गल्लीला तो अजून कळलेला नाही, पण आहे! देवळातल्या कीर्तनाला मी आजवर एकही बेसूर पेटी टिकू दिलेली नाही. एखादी पट्टी जरा कणसुरी बोलली, की मी पहिल्या रांगेतून बुवांकडे पाहतो, बुवा पेटीवाल्याकडे पाहतात आणि पेटीवाला छपराकडे! असा ज्याचा कान, त्याला एक कॉम्प्युटर पारखणं काय जड?

झालं असं, की आमची प्रेमिला बी.एस्सी. झाली आणि त्याच सुमारास धरमपेठेत लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवणारा क्लास निघाला. तिथे शिकवायला एक बाई हवी होती. जागा एक आणि अर्ज करणाऱ्या मुली एवढ्या, की संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही तेवढ्या येत नाहीत! क्लासचे मालक वामनराव सर यांची अट होती, की प्रत्येकीने स्वतः तयार केलेला प्रोग्रॅम आणून चालवून दाखवायचा. आता प्रोग्रॅम करायचा तर घरी कॉम्प्युटर पाहिजे. प्रेमिलाला ही नोकरी इतकी हवी होती, की ती चक्क माझ्याबरोबर कीर्तनाला येऊन देवाला नमस्कार करून गेली. दोनदा!

"प्रेमिला, काळजी करू नको," मी म्हटलं. "कॉम्प्युटर मी निवडतो."

"तुमाले काय समजते त्यातलं?" आमच्या देवकीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मागच्या खेपेला मिक्सर पसंत केला तुम्ही. अजून पाट्यावर वाटून राहिली मी!"

मिक्सरचा आवाज पेटीच्या काळी चार पट्टीत लागत होता हो! पण अरसिकांशी कोण वाद घालणार?

सीताबर्डीला ताराचंद शेठचं रेडिओ-टीव्हीचं दुकान आहे. तिथे आतल्या खोलीत, काचेमागे, प्लॅस्टिकचं पांघरूण घेऊन एक भला मोठा कॉम्प्युटर बसला होता. खोलीला एअर कंडिशनर! दारात पाटी, चपला बाहेर काढा! मी मनोभावे चपला काढल्या, आत गेलो, आणि किंमत ऐकून तशाच अनवाणी पायांनी रस्त्यापर्यंत आलो.

"शेठजी, एवढ्यात तर लग्न होते पोरीचं!"

"साहेब, घबराओ मत," शेठ माझ्या चपला हातात घेऊन मागे धावत आले. "गरिबाचाही देव असते. हा पाहा!"

त्यांनी कपाटातून एक काळी पेटी काढली. आमच्या पोळपाटाएवढी! वर रबरी बटणं, लहान पोरानं चावून टाकावीत अशी.

"याचा पडदा कुठे आहे?"

"तुमच्या घरी टीव्ही आहे ना? तोच पडदा."

"आणि केलेलं काम कशात राहते?"

"टेपरेकॉर्डर आहे ना? साधी कॅसेट लावा. सगळं तिच्यात!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टीव्ही घरी, टेपरेकॉर्डर घरी! म्हणजे दोन तृतीयांश कॉम्प्युटर आम्ही आधीच घेऊन बसलो होतो आणि आम्हालाच पत्ता नव्हता! उरला फक्त एक तृतीयांश. तो मी तिथल्या तिथे बांधून घेतला आणि घरी येऊन हीच गोष्ट जो येईल त्याला सांगत सुटलो.

प्रेमिला मात्र खरंच खूश झाली. रोज टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. टेपरेकॉर्डरच्या भोकात एक वायर, टीव्हीला दुसरी. मुलांना पाढे विचारणारा प्रोग्रॅम ती करत होती. बरोबर उत्तर दिलं की पडद्यावर फूल उमलायचं. चुकलं की कळी मान खाली घालायची. मी पाहतच राहायचो. यंत्रात एवढी माया!

"पण बाबा, लाइट गेली की हा सगळं विसरतो," प्रेमिला म्हणाली. "कॅसेटवर घेतलं तरच राहते."

"अगदी तुझ्या बापासारखा!" देवकीबाई म्हणाल्या.

आता थोडं कॅसेटींविषयी सांगितलं पाहिजे. आमच्या कपाटात कपडे कमी आणि कीर्तनं जास्त. चांगल्या चांगल्या बुवांची कीर्तनं मी टेप करून ओळीनं लावून ठेवली आहेत. त्यातच एक माझंही आहे. एका हनुमान जयंतीला ठरलेले बुवा आले नाहीत, म्हणून मी उभा राहिलो होतो. त्या कॅसेटवर मी लाल शाईनं लिहिलं आहे, 'ह.भ.प. मधुकरराव यांचे सुश्राव्य कीर्तन'. पाहुणे आले की मी ती काढायला उठतो, पण देवकीबाई लगेच हात धरतात. "राहू द्या! सारखी सारखी लावली तर झिजेल!" बोलून दाखवत नाही हो, पण जिवापाड जपते!

आणि मग आला तो रविवार. दुसऱ्या दिवशी प्रेमिलाला क्लासमध्ये प्रोग्रॅम दाखवायचा होता आणि त्या संध्याकाळी आमच्या देवळात कामठीचे विश्वनाथबुवा! आवाज असा, की तुपात तळलेला अनारसा! मी टेपरेकॉर्डर आणि दोन कोऱ्या कॅसेटी घेऊन पहिल्या रांगेत. पूर्वरंग एका कॅसेटीत छान आला. मध्यंतरात बुवांना हार घालत होते, बुक्का लावत होते, तेवढ्यात मी दुसरी कॅसेट लावून पाहिली, तर यंत्रानं तिची फीत शेवयांसारखी बाहेर काढली!

उत्तररंग, म्हणजे मुख्य आख्यानच चुकणार! घर देवळामागेच, तसा धावत सुटलो. कपाट उघडलं. एकेका बुवांवरून हात फिरवला. कोणाला पुसू? हे पुसलं तर पाप, ते पुसलं तर महापाप! माझ्या स्वतःच्या कॅसेटीवर हात क्षणभर थांबला... पण छे! पुढच्या पिढ्यांचा विचार करायला नको? तेवढ्यात टीव्हीवर एक सुटी कॅसेट दिसली. वर पेन्सिलनं दोन-चार इंग्रजी अक्षरं होती. कंपनीचं नाव असेल, म्हटलं. ती उचलली आणि देवळात येऊन खात्रीसाठी लावली.

"च्यँऽऽऽ क्रर्रर्र खर्रर्र च्यूँऽऽ!"

सगळं देऊळ दचकलं. तबलजी म्हणाला, "काहून गा मधुकरराव, मांजर कोंबलं काय त्यात?"

"खराब झाली आहे," मी म्हटलं. "बरं झालं, चांगली कुणाची पुसावी लागली नाही!"

वाचकहो, तुम्ही आता कपाळावर हात मारला असेल. पण घरी प्रेमिला काम करायची तेव्हा वायर लावलेली असायची. वायर लावली की टेपरेकॉर्डर मुका होतो. आमच्या प्रोग्रॅमचा आवाज हा असा आहे, हे मला कोणी सांगितलं होतं? मी बिनधास्त लाल बटण दाबलं. मारुतीरायाचं आख्यान असं रंगलं, की लोक रडले. मीही रडलो. टेपरेकॉर्डर कुशीत घेऊन घरी आलो आणि कॅसेट आतच ठेवून समाधानानं झोपलो.

सकाळी प्रेमिलानं टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं. पेन्सिलची अक्षरं पाहून म्हणाली, "अरे वा बाबा, माझी कॅसेट आत लावूनही ठेवली!"

'तुझी?' असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण रिक्षा दारात होती, आणि मनात आलेला प्रश्न विचारायची मला सवय नाही.

क्लासमध्ये वामनराव सर, त्यांच्यामागे उत्सुक मुलं, आणि भिंतीला टेकून बाकीच्या उमेदवार मुली. रंगीत टीव्ही! प्रेमिलानं काळी पेटी जोडली, वायर लावली, कॅसेट सुरू केली. पडद्याच्या कडेनं लाल-निळे पट्टे नाचू लागले. काय सुंदर नाचत होते! कधी विलंबित, कधी द्रुत. मला वाटलं, हे कुठेतरी ऐकलं... म्हणजे पाहिलं आहे.

पट्टे नाचतच राहिले. पाढे काही येईनात. प्रेमिलाच्या कपाळावर घाम आला. भिंतीपाशी एक मुलगी दुसरीच्या कानात कुजबुजली.

"आवाज बरोबर येऊन राहिला का पाहू," असं म्हणून सरांनी टेपरेकॉर्डरची वायर उपसली. आणि विश्वनाथबुवा गरजले!

"...मारुतीरायानं मोती दाताखाली धरला, फोडला, आत निरखून पाहिलं आणि दिला फेकून! म्हणाला, माते, यात राम नाही!"

सरांनी आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोवर बुवांनी तान घेतली होती. "बोलाऽ पुंडलिक वरदेऽऽ..."

आता हे ऐकून ज्याचे हात गप्प बसतील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे! मी हात वर करून ओरडलो, "हारीऽ विठ्ठल!" माझ्याबरोबर मुलं ओरडली. भिंतीपाशीच्या मुली ओरडल्या. आणि सर्वांत वरच्या पट्टीत वामनराव सर!

मग सरांनी घाईघाईनं टेप बंद केला.

"बाबा," प्रेमिला हळूच म्हणाली, "माझी कॅसेट पुसली तुम्ही?"

"अगं, ती खराब होती..."

तिचे डोळे भरून आले. देवा, नारळ कबूल करतो, माझी सगळी कीर्तनं घे, पण लेकराचं काम होऊ दे! एवढ्यात तिनं डोळे पुसले, पिशवीत हात घातला आणि दुसरी कॅसेट काढली. लाल शाई मी लांबूनच ओळखली. 'ह.भ.प. मधुकरराव यांचे सुश्राव्य कीर्तन'!

मला गहिवरून आलं. सगळं बुडालं तर निदान बापाचं कीर्तन तरी लोकांच्या कानी पडावं! मी दोन्ही हात हलवले. "नको प्रेमिला, आता माझं कशाला? सरांना कामं असतील..."

तिनं वायर जोडली, कॅसेट लावली. पट्टे नाचले, थांबले, आणि पडद्यावर अक्षरं उमटली! तेरा सत्ते? सरांनी जरा बोटांवर मोजून एक्क्याण्णवची बटणं दाबली. फूल उमललं! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"दोन कॅसेटींवर काहून ठेवलं होतं?" सरांनी विचारलं.

"आमच्या घरी कोणती कॅसेट कधी पुसली जाईल, नेम नाही सर. बाबा कधीच पुसणार नाहीत अशी ही एकच होती."

मी मान ताठ केली. लेकीनं बापाला किती ओळखलं होतं!

"आणि," ती खाली पाहत म्हणाली, "दुसरं कोणी ती लावणार नाही, असंही आई म्हणाली."

नोकरी प्रेमिलालाच मिळाली. एवढी सावध बाई आपल्याला पाहिजेच, असं सर म्हणाले. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मधुकररावजी, तो उत्तररंग मले द्या ना दोन दिवस! मोत्याच्या पुढचं ऐकायचं राहिलं." माणूस रसिक!

संध्याकाळी पेढे वाटून झाले आणि घरात कोणी नाही असं पाहून मी माझी कॅसेट काढली. वाटलं, शेवटी कुठेतरी थोडं कीर्तन उरलं असेल. वायर न लावता सुरू केली. "च्यँऽऽऽ क्रर्रर्र खर्रर्र च्यूँऽऽ!" पुढे सरकवली. तेच! बाजू पालटली. तिकडेही तेच! खबरदारी म्हणून तिनं दोन्ही बाजूंना घेऊन ठेवलं होतं. सुन्न होऊन तसाच ऐकत बसलो.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आमच्या शेजारच्या रुपरावांनी हाक दिली.

"काय मधुकरराव! लय दिवसांनी तुमचं कीर्तन लावलं गा!"