फुगलेले कपॅसिटर आणि दसरा

बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यातला जुना कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू व्हायला नकार देत असे, आणि मालक मेहुलशेठ आले की निमूटपणे चालत असे. डॉक्टरसमोर बसल्यावर पोटदुखी थांबते, त्यातलाच प्रकार.

"चालतोय की!" शेठ म्हणत. "चालत्या मशीनला हात लावायचा नाही. बंद पडलेला दाखव, त्याच दिवशी नवा आणतो."

दाखवायचा कसा, हाच आनंदा इलेक्ट्रिशियनपुढचा प्रश्न होता. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी नळकांडी, म्हातारपणाने सुकली होती. जाळीतून बॅटरी मारून त्याने पाहिले होते. डोकी पुऱ्यांसारखी टम्म. थंड असली की ती कामाला लागत नसत. काम खोळंबू नये म्हणून आनंदा बटण दाबत बसे. दाबून दाबून डबा आतून जरा उबदार झाला की कॉम्प्युटर जागा होई आणि रंग ढवळणाऱ्या मोटरी फिरू लागत. मग शेठ येत.

हे कसब एकट्या आनंदाकडे असल्याने त्याला रजा नव्हती. "या दिवाळीला तरी गावी, संगमनेरला जायचं का," बायकोने, दीपाने विचारले होते, "की पाडव्याला त्या कॉम्प्युटरलाच ओवाळू?"

मार्ग दसऱ्याने दाखवला. त्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून पूजा होते आणि मग शेठ आपल्या हाताने एकेक सुरू करतात. म्हणजे थंडगार कॉम्प्युटरचे बटण खुद्द शेठ दाबणार! आदल्या संध्याकाळी आनंदाने कॉम्प्युटरच्या खोलीचा एसी सोळावर लावला आणि जवळच सरावलीला घरी जाऊन दीपाला म्हणाला, "दिवाळीची बॅग भर."

सकाळी येऊन पाहतो तर एसी बंद, वर झेंडूचा हार.

"रंभाबाई, एसी का बंद केला?"

कारखान्याची झाडलोट आणि दसऱ्याला कारखान्याचा संपूर्ण ताबा रंभाबाईंकडे असे. "यो पन मशीनच हाय ना? आज कोनाला काम नाय."

"पण कॉम्प्युटर थंड राहायला पाहिजे."

"मंग खिडकी उघडते. वारा लागंल."

वारा लागला, तो पूजेच्या समईला. ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. रंभाबाईंनी आडोसा शोधला आणि समई कॉम्प्युटरच्या मागे, नेमकी त्या डब्याच्या जाळीखाली नेऊन पेटवली.

"तिथं नको!"

"का?"

"गरम होईल."

"दिवा गरमच असतो, भाऊ."

आनंदाने समईकडे हात नेला.

"लावलेला दिवा हलवतात? तुमच्याकडं चालत असंल."

प्रश्न संगमनेरच्या अब्रूवर आल्यावर आनंदाने हात मागे घेतला. शेठ पालघरच्या दोन पूजा आटोपून येणार होते, म्हणजे उशीर नक्की. तोवर पाचही वाती तेवत होत्या आणि रंभाबाई वेळोवेळी तेल घालत होत्या.

शेठ आले. नारळ फुटला. शेठनी बटण दाबले आणि पहिल्याच फटक्यात पंखा फिरला, पडदा उजळला.

"हा बंद पडतो म्हणत होतास?"

"शेठ, आतले कपॅसिटर गेलेत. गरम झाले की चालतात. आता तो या दिव्यामुळे चालला!"

हे त्याने विज्ञान म्हणून सांगितले. शेठनी ते हात जोडून ऐकले.

"बरोबर बोललास. दिव्यामुळेच. रंभाबाई, उद्यापासून रोज दिवा लावायचा आणि कॉम्प्युटर तुम्हीच सुरू करायचा."

"मग मी?" आनंदाने विचारले.

"तुला गावी जायचं होतं ना? जा की."

दिवाळीला आनंदा गावी गेला. दीपा खूश होती, त्याचे आई-वडील खूश होते. दुसऱ्याच दिवसापासून तो सकाळी अंगणात जाऊन फोन लावू लागला.

"रंभाबाई, सुरू झाला?"

"झाला ना. एका दमात."

"काही टिकटिक? जळका वास?"

"कायबी नाय."

आनंदाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्याने आशेने विचारले, "तेल संपलं तर?"

"शेठनी डबाच आनून ठेवलाय. तुमी या सावकाश."