तिसरा मारेकरी आणि योजूचे व्याही

सम्राज्ञीला कसं मारायचं हे आख्ख्या कोरियात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं बांग इन-सोकचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. जपान्यांनी राजवाड्यात घुसून मारलेल्या शेवटच्या सम्राज्ञीच्या आयुष्यावरच्या त्या संगीत नाटकात तो एकोणीस वर्षं 'मारेकरी तीन' होता. अकराशे बारा प्रयोगांत त्याने तिला अकराशे बारा वेळा मारलं होतं. या काळात सम्राज्ञी सहा झाल्या, राजे चार झाले, दिग्दर्शकाचे केस गेले. इन-सोकची तलवार मात्र एकदाही चुकली नाही! मोठ्या ढोलाचे तीन ठोके, तीन पावलं, अर्धी गिरकी, उजवीकडून वार. सम्राज्ञी डोळे मिटून पडली तरी चालायचं, इतका तो भरवशाचा.

अडचण एवढीच, की एवढं कौशल्य सोयरिकीच्या वेळी सांगता येत नाही.

त्याची मुलगी सोल-आ हिने लग्न ठरवलं ते योजूच्या मिन घराण्यात. योजू म्हणजे सम्राज्ञीचं जन्मगाव आणि मिन म्हणजे तिचं माहेर. दोन्ही घरांची पहिली भेट योजूतल्याच एका हॉटेलात झाली. समोर तेवीस वाट्या मांडलेल्या, आणि मुलाची आई म्हणत होती, "खायला काहीच नाही, गोड मानून घ्या." मुलाचे वडील मिन ग्वांग-हून यांनी जनावरांचा डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाची ओळख "आमचं बिनकामाचं पोर" अशी करून दिली. इन-सोकची बायको क्यूंग-रान हिनेही सोल-आला साधा भात लावता येत नाही असं हसत हसत सांगितलं. अशा भेटीत आपलं ते सगळं हलकं म्हणायचं, ही रीतच आहे.

"व्याही," मिन म्हणाले, "तुम्ही आमच्या सम्राज्ञीच्या नाटकात आहात म्हणे!"

"आहे बारीकसं काहीतरी."

"हातात तलवार असते?"

"असते."

"मग सेनापतीच की! राजवाड्याच्या दारात तिच्यासाठी प्राण देणारा!"

इन-सोकने घास गिळला. खोटं बोलायचा त्याचा विचार नव्हता. "छे छे, मी सेनापती कुठला," तो म्हणाला, "मी आपला मारेकऱ्यांतला एक."

मिनांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा, याला म्हणतात मोठेपणा! एकोणीस वर्षं सेनापती, आणि स्वतःला म्हणतो मारेकरी! नाहीतर आमचा नगराध्यक्ष, एक नळ बसवला तर फोटो काढतो!"

तेवीस वाट्यांना 'काहीच नाही' म्हणणाऱ्या त्या बैठकीत खरं बोलायला जागाच नव्हती. तिथे इन-सोकचं खरंही विनय ठरलं.

घरी परतताना गाडीत सोल-आ म्हणाली, "बाबा, फोन करून सांगून टाका ना नीट."

"सांगितलं की गं. अजून कसं सांगू? तलवार दाखवू?"

"दोन महिन्यांवर लग्न आलंय," क्यूंग-रान म्हणाली. "उगाच कशाला? ते काय योजूहून सोलला नाटक बघायला येताहेत?"

ते आले नाहीत. नाटकच योजूला गेलं. दौऱ्यात ऐनवेळी एक प्रयोग वाढला: योजूचं नगरसभागृह, शनिवार, दुपारी तीन.

शनिवारी सकाळी कंपनीची बस सभागृहासमोर थांबली तेव्हा फाटकावर चार वाव लांबीचा फलक फडकत होता. 'मिन घराण्याचे व्याही, सेनापती बांग इन-सोक यांचे सम्राज्ञीच्या माहेरी सहर्ष स्वागत!' खाली शुभेच्छा म्हणून फिती बांधलेली तांदळाची वीस पोती रचलेली. बसमध्ये असा हशा उठला की ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला.

"सेनापती, उतरा!" कुणीतरी ओरडलं.

"दादा, मग मी कोण?" खऱ्या सेनापतीने, प्यो जी-उंगने विचारलं. पोरगा चौतीस वर्षांचा, गोड गळ्याचा, हसरा.

इन-सोक हसला नाही. तेवढ्यात मिनांचा फोन आला. वंशसभेचे बेचाळीस ज्येष्ठ येत होते. सत्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष आजोबा तर नाटक बघायला आयुष्यात पहिल्यांदाच. "ते म्हणाले, ज्याने आपल्या मुलीसाठी प्राण दिला त्याच्या घरची मुलगी आपल्या घरात येते आहे, हा योग आहे! मी म्हटलं, आजोबा, चला!"

फोन ठेवल्यावर इन-सोक पायरीवर बसला. सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला 'आपली मुलगी' म्हणणारी ही माणसं. तिच्यावर तलवार चालवणाऱ्याच्या लेकीला ती उद्या सून म्हणून कोणत्या नजरेने बघतील? तोंडावर कुणी काही बोलणार नाही. पूर्वजांच्या पूजेच्या दिवशी तेवढी तिला भांडी घासायला मागच्या अंगणात पाठवतील.

तो रंगमंच व्यवस्थापक नो मी-सुककडे गेला. कानाला माईक लावलेली, ठेंगणी, कडक बाई. सगळं ऐकून ती म्हणाली, "नाही."

"मला सेनापतीचा शब्द न् शब्द पाठ आहे."

"मलाही आहे. म्हणून मी करते का?"

"मी-सुक, एकोणीस वर्षांत मी काही मागितलंय?"

मागितलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा तो त्यांना पोहोचवून संध्याकाळच्या प्रयोगाला हजर झाला होता.

"एकच प्रयोग," ती म्हणाली. "आणि मेल्यावर पडून राहायचं. ढिम्म. बस्स."

"तेवढं तर कुणीही करेल!"

तो तेवढंच करू शकला नाही.

सेनापतीचं चिलखत त्याला पोटावर बसेना. मागून दोन सुतळ्या बांधाव्या लागल्या. जी-उंगने मारेकऱ्याचा काळा पोशाख चढवला. सम्राज्ञी झालेली ह्ये-जिन वेणीत काटे खोचत म्हणाली, "दादा, आज तुम्ही मला वाचवणार म्हणे. बरं वाटतंय. नाहीतर या बाईचं नशीबच असं, जिवंतपणी कुणी सम्राज्ञी म्हटलं नाही, मेल्यावर दोन वर्षांनी बढती मिळाली."

पडदा उघडला. पहिल्या तीन रांगांत पांढरे झगे आणि घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या. चौथ्या रांगेतल्या लोकांना टोप्यांपलीकडे काही दिसत नव्हतं, पण ज्येष्ठांना टोपी काढा म्हणणार कोण? मध्यभागी मिन बसले होते, ताठ. सेनापती रंगमंचावर येताच ते शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलले आणि ते कुजबुजणं वाऱ्यासारखं तिन्ही रांगांतून फिरलं.

इन-सोकने काम चांगलं केलं, हे मी-सुकनेही नंतर मान्य केलं. दारातली लढाई रंगली. जी-उंगच्या तलवारीखाली तो असा कोसळला की पहिल्या रांगेतून "आइगो!" असा हुंदका आला. मिन डोळे पुसत होते. झालं होतं! आता फक्त पडून राहायचं.

मारेकरी आत शिरले. सम्राज्ञी शयनगृहाच्या मध्यभागी, मेलेल्या सेनापतीपासून तीन पावलांवर, उभी राहिली. आणि मोठ्या ढोलावर पहिला ठोका पडला.

इन-सोक पुढे शपथेवर सांगायचा की त्याने काही ठरवलं नव्हतं. ठोका त्याच्या कानापर्यंत गेलाच नाही, थेट गुडघ्यात गेला. मेलेला सेनापती उठला.

"इन-सोकदादा!" विंगेतून मी-सुक दबक्या आवाजात किंचाळली. "तुम्ही मेलाय! मेलाय तुम्ही! पडा खाली!"

दुसरा ठोका. तिसरा. तीन पावलं, अर्धी गिरकी, उजवीकडून वार. ह्ये-जिननेही सवयीने डोळे मिटले होते. वार नेहमीच्या बाजूने आला, ती नेहमीसारखी पडली. जी-उंग तलवार उगारून तसाच उभा. मारायला कुणी उरलं नव्हतं! बिचाऱ्याने दोन क्षण इकडेतिकडे पाहिलं आणि जोर करून समईवर वार केला.

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. ज्याने तिच्यासाठी प्राण दिला होता, तोच मेलेला उठून तिला मारून मोकळा झाला होता.

इन-सोकने हातातल्या तलवारीकडे पाहिलं. मग व्यवस्थापकाच्या हुकमाप्रमाणे, जरा उशिरा, तो सम्राज्ञीच्या शेजारी पुन्हा मेला.

यानंतर नाटकात सम्राज्ञी उठते आणि शेवटचं गाणं गाते. इन-सोकने ते कधी पाहिलं नव्हतं. मारून झालं की मारेकरी पळत जायचे, काळे कपडे उतरवायचे, पाणी प्यायचे, शेवटच्या नमस्कारासाठी तोंड पुसायचे. एकोणीस वर्षं ते गाणं त्याने भिंतीपलीकडून, मोबाइल बघत ऐकलं होतं. आज ते त्याच्या डोक्यावर दीड हातावर चाललं होतं. तिच्या झग्याचा काठ त्याच्या गालाला लागत होता. गाताना तिचे पाय थरथरत होते, हे खाली पडलेल्यालाच दिसत होतं. आपण निघून गेल्यावर रोज इथे हे होत होतं तर, त्याला वाटलं. ज्या बाईला आपण हिशेबाच्या आकड्यासारखं अकराशे बारा वेळा मारलं, ती प्रत्येक वेळी उठून उभी राहिली होती, आणि आपण एकदाही थांबलो नव्हतो. चिलखताची कड पोटात रुतत होती. मेलेल्या सेनापतीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायची सोय नव्हती.

पडदा पडला. बाकीचं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बेचाळीस टोप्या जागच्या हलल्या नाहीत.

"दादा, मागच्या दाराने टॅक्सी मागवू?" जी-उंगने हळूच विचारलं.

"नको," इन-सोक म्हणाला आणि चिलखतासकट बाहेर गेला.

बाहेरच्या दालनात सगळे ज्येष्ठ रांगेत उभे होते. प्रयोगाला आलेल्या क्यूंग-रान आणि सोल-आ एका खांबाला टेकून, पांढऱ्या पडलेल्या. मिनांचा चेहरा लालबुंद होता. इन-सोक गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. पाठीमागे सुतळी तुटल्याचा आवाज झाला.

"मी सेनापती नाही," तो म्हणाला. "मी तिसरा मारेकरी. एकोणीस वर्षं तेच केलं. तुमच्यासमोर मिरवायचं म्हणून आज एका दिवसापुरता सेनापती झालो, तर हाताने ऐकलं नाही. जो काय राग असेल तो माझ्यावर धरा. पोरीला यातलं एक अक्षर बोलू नका."

अध्यक्ष आजोबा काठी टेकत पुढे आले. "थांब. आज सेनापती कोण होता?"

"मी."

"आणि तिला मारलं कोणी?"

"तेही मीच."

"एकाच माणसाने?"

"हो, आजोबा."

म्हातारा काठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "मी लहान असताना माझे आजोबा एक गोष्ट दार लावून घेऊन सांगायचे. तलवारी बाहेरून आल्या, हे खरं. पण त्यांना वाट दाखवणारे आपलेच होते. पहाऱ्यावरचेही होते त्यांच्यात. नाटकात हे असं कुणी दाखवत नाही."

"मी मुद्दाम नाही दाखवलं, आजोबा."

"ठाऊक आहे रे. मुद्दाम कोणी दाखवलं असतं?"

रांगेतले दोन-चार ज्येष्ठ आपल्या बुटांकडे बघायला लागले. आजोबा वळले आणि चहा कुठे मिळतो ते विचारत निघून गेले. त्यांच्यामागून एकेक टोपी निघाली.

मिन तिथेच उरले. "तुम्ही मला हॉटेलात सांगितलं होतंत," ते म्हणाले.

"हो."

"मी हसलो."

"हो."

"तो फलक मीच लिहून घेतला. वंशसभेपुढे भाषणही ठोकलं." त्यांनी रुमालाने मान पुसली. "उठा आता. असं बसलेलं बरं दिसत नाही."

इन-सोक उठला नाही. "पोरांचं काय?"

मिनांनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "पोरांनी कुणाला मारलंय?" ते म्हणाले, आणि त्याचा दंड धरून त्याला उठवायला वाकले. एक सुतळी तुटली होतीच, दुसरीही तुटली. चिलखत गळून दोघांच्या पायांवर पडलं. खांबाजवळ सोल-आ रडता रडता हसायला लागली.

लग्न ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरात झालं. सगळं छान झालं. बेचाळीसच्या बेचाळीस ज्येष्ठ आले. आजोबांनी इन-सोकचा हात हातात घेऊन नातवंडांची चौकशी आत्ताच करून टाकली. मिनांनी प्रत्येक पाहुण्याला "हे आमचे व्याही, मोठे नट" अशी ओळख करून दिली, आणि भूमिका कोणती ते कुणी विचारलं की मध्येच जेवणाचा विषय काढला. इन-सोकला वाटलं, सुटलो. माणसं मोठ्या मनाची आहेत, विसरली.

मग केक आला. आणि केकबरोबर, लग्नात असते तशी, पांढरी फीत बांधलेली, हातभर लांब, लखलखीत सुरी.

दालनातली बोलणी हळूहळू बंद पडली. मिन जागेवरून उठले. अत्यंत प्रेमाने त्यांनी इन-सोकच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला पहिल्या रांगेतल्या मुलीच्या बापाच्या खुर्चीवरून उठवलं, आणि चौथ्या रांगेत, खांबाच्या पलीकडे नेऊन बसवलं. तिथून केक दिसत नव्हता. केकजवळून तोही दिसत नव्हता.

"इथे बसा, व्याही," ते म्हणाले. "इथे वारा छान लागतो."