राष्ट्रीय महत्त्वाचं सरपण

लहान देशाला अस्मिता लागते आणि लांब हिवाळ्याला सरपण. आमच्या एस्टोनियात दोन्ही बेताचंच असल्याने कुठलं कशासाठी वापरायचं हे ठरवायला समिती असते.

ही समिती आमच्या अंगणात आली ऑगस्टमध्ये. मी बर्चचं सरपण न्हाणीघराच्या भिंतीला अर्धगोल रचून ठेवलं होतं, माझे वडील रचायचे तसं: साल बाहेर, फट म्हणून दिसायची नाही. समितीच्या प्रमुख त्रीनबाई राजधानीतल्या, आधुनिक कलेच्या जाणकार. रास पाहून त्या गहिवरल्या.

"आजी, ह्यात अख्खं राष्ट्र आहे!"

"फेब्रुवारीपर्यंत पुरेल," मी म्हणाले.

हे वाक्य माहितीपत्रकात छापलं गेलं. राशीला 'अनामिक मौन' असं नाव मिळालं (माझं नाव हेल्वे, कुणी विचारलं नाही), भोवती दोरी लागली आणि सरपणाला हात लावायला मला कायद्याने मनाई झाली. समितीच्या पाहणीनुसार ९१ टक्के प्रेक्षकांना पारतंत्र्याची वेदना जाणवली. उरलेल्यांनी शौचालय कुठे आहे ते विचारलं.

शेजारचा एंडेल कुंपणावरून ओरडला, "काय गं म्हातारे, थंडीत काय जाळशील? मानपत्र?"

"तू जळतोयस तेवढी ऊब पुरे."

मी लहान होते तेव्हा जर्मन सैनिकांनी अशीच आमची अर्धी रास नेली. मग रशियन आले, त्यांनी उरलेल्यातली अर्धी. दोघेही रानटीच, पण राहिलेलं जाळू नका, असं सांगायचं काही त्यांना सुचलं नाही. तेवढी प्रगती व्हायला स्वातंत्र्यच यावं लागलं.

पहिला बर्फ पडला. सरपण परत मिळावं म्हणून मी विनंती केली. समितीने राशीचं छायाचित्र पाठवलं, लाकडी चौकटीसकट. (चौकट छान पेटली.)

मग मला वडिलांची फळी आठवली. न्हाणीघराच्या भिंतीत एक सैल फळी आहे. दोन्ही सैन्यांच्या काळात आम्ही तिथूनच राशीच्या पोटातलं सरपण गुपचूप काढून घ्यायचो. यंदाही तेच केलं. बाहेरचं कवच जसंच्या तसं. आत थोडंसंच उरलं.

वसंतात त्रीनबाईंनी राशीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. मला वाटलं, आता तुरुंग. बाईंनी राशीला हलकेच कान लावला.

"आजी, ही आतली पोकळी... मूळचीच?"

"वडिलोपार्जित," मी म्हणाले.

तिकीट दुप्पट झालं.

तुम्हीही या. दोरीपाशी उभे राहा, राशीला टेकू मात्र नका. डोळ्यांत पाणी येईल, सगळ्यांच्याच येतं. लाजू नका. माझं धुराडं त्याच बाजूला आहे.