जपानातला जाड्या आणि आमचे बाबीकाका

आमच्या शेजारचे बाबीकाका परब जपानी कॉमिक्स शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतात. जपानी पुस्तक उजवीकडून उघडायचं असतं. आपलं जे शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. काका मात्र अस्सल मराठी माणसासारखे डावीकडून शिरतात आणि आधी शेवट गाठतात. कोणी चूक दाखवली तर चष्म्यावरून बघत म्हणतात, "माका ठाऊक आसा. तू तुझा बघ."

वय सत्तरीच्या पुढे. सगळी नोकरी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत. एकटा जीव, आणि देह असा की लालबागच्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये ते शिरले की आतले लोक नकळत वजनाची पाटी वाचू लागतात. मग काकाच तोडगा सांगतात, "आठ माणसा लिवलीत ना? माका दोन धरा नि सहा जण येवा."

कॉमिक्स पुरवते ती वरच्या मजल्यावरची रुचा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणी तिला गुटगुटीत म्हणून गालगुच्चे घेणारे नातेवाईक आता "जरा कमी कर गं" म्हणतात. पुस्तकं इंग्रजीत असतात आणि काकांचं इंग्रजी वखारीतल्या मापांपुरतं. पण त्यांना अक्षरांशी कर्तव्यच नाही. ते फक्त जाड्या शोधतात. सापडला की त्याच्यावर बोट ठेवून खटला सुरू.

"ह्यो बघ! बारक्याक डोळे बशीएवढे, नि जाड्याक नुसत्या दोन रेघा. मेल्या चित्रकाराची शाई संपली काय?"

पुढचं पान. "घाम बघ. एकट्या ह्येकाच. बाकीचे काय एसीत लढतत?"

"नि चेडू जाडी असली की तिसऱ्या भागात बारीक होता, मग सगळे तिच्यावर फिदा. म्हंजे पयली होती ती कोण, तिची मावशी?"

एकदा रुचाने सुमो पैलवानांचं पुस्तक आणलं. त्यात जाड्या नायक होता, आणि त्याला डोळेही होते! काकांनी ते लवकर परत दिलंच नाही. वॉचमनला दाखवलं, इस्त्रीवाल्याला दाखवलं, मला तर तीनदा दाखवलं.

उलट वाचण्याचं कारण मी एक दिवस खोदून खोदून विचारलंच. त्यांनी हाताला लागलेलं पहिलं पुस्तक चुकून डावीकडून उघडलं होतं. समोर जाड्या मरून पडलेला, मित्र रडतायत. पान उलटलं तर तो उठून दरवाजा अडवून उभा. आणखी पानं उलटली तर मित्रांबरोबर हसतोय. आणि अगदी शेवटी सगळे पंगतीला बसलेले, मधोमध हा, हातात भाताचं वाडगं.

"काय बरा वाटला माका! मग रुचा म्हणाली, काका, ह्या उलटा आसा. सरळ वाचलास तर तो मरता." काकांनी पुस्तक मिटलं. "मी माझ्या बाजूनं वाचतंय. माझ्याकडे तो जेवता."

काकांची आणखी एक तऱ्हा लक्षात यायला मला काही वर्षं लागली. ते कोणाच्या घरी बसत नाहीत. "बसा ना काका" म्हटलं की "बसतंय मगे." लग्नात उभ्याने जेवण, बारशाला भिंतीला टेकून. प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे तर ते अनोळखी कुत्र्याकडे बघावं तसे बघतात. बसतात फक्त स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी केलेल्या सागवानी खुर्चीत.

याचं मूळ वखारीच्या नाटकमंडळात होतं. तरुणपणी काका दर वर्षी नाटकात असायचे आणि दर वर्षी काम एकच: यायचं, बसायचं, खुर्ची मोडायची. ती खुर्चीही तेच तयार करायचे. एक पाय करवतीने कापून डिंकाने बेतानं चिकटवायचा. एका वर्षी त्यांनी नायकाचं काम मागितलं. दिग्दर्शकाला वाटलं, परबने विनोद केला. तो पोट धरून हसला, काकाही हसले, आणि पुन्हा कधी रंगमंचावर चढले नाहीत.

यंदा आमच्या इमारतीच्या सत्यनारायणाच्या संध्याकाळी दरबारी फार्स करायचं ठरलं. दिग्दर्शक तिसऱ्या मजल्यावरचे शिरोडकर. रुचाला राणी व्हायचं होतं. राणीचे संवाद तिला केव्हाच पाठ झाले होते. शिरोडकरांनी तिला दिली आचारीण. लाडवांचं ताट घेऊन यायचं, बसायचं आणि खुर्ची मोडायची. वर म्हणाले, "तू अगदी नॅचरल आहेस!"

रुचा तडक काकांकडे आली. मी तिथेच होतो. सागवानी खुर्चीत बसून ती हमसून हमसून रडली. "मी नाटकातच नाही येणार. काका, कुठेही जा, आपल्याला एकच काम."

काकांनी शर्ट चढवला आणि शिरोडकरांचं घर गाठलं. मी मागोमाग गेलो. आधार द्यायला म्हणा, पण खरं तर गंमत बघायला.

"शिरोडकर, खुर्ची मी मोडतंय."

शिरोडकरांचा चेहरा उजळला. परबांच्या त्या पडण्याच्या कथा त्यांनी वखारीची नाटकं बघणाऱ्या वडिलांकडून ऐकल्या होत्या. "खरंच काका?"

"पण राणी रुचा. नायतर तू स्वतः मोड."

शिरोडकर इतके काटकुळे, की खुर्चीवर नाचले असते तरी ती मोडली नसती. त्यांनी मान डोलावली.

जिना उतरताना मी म्हटलं, "काका, तुम्ही तर हे सोडलं होतं."

"माका सवय आसा रे. तिका नको लागूक."

सिंहासन म्हणून काकांनी स्वतःची खुर्ची दिली. "चेडवाक बसताना भ्या वाटूचा नाय," रुचाबद्दल एवढंच म्हणाले.

नाटकाला गच्ची भरलेली. लाल मखमल घातलेल्या सागवानी खुर्चीत रुचा अशी बसली होती, की तिचे नातेवाईकसुद्धा गप्प झाले. काका ताट घेऊन आले, बसले, आणि कडाड! पाय मोडला, काका आडवे, लाडू चौफेर. गच्ची हास्याने दणाणली. मीही हसलो, पडणं होतंच तसं अव्वल. काका जमिनीवर बसून सगळ्यांबरोबर हसत होते. वखारीतल्या त्या दिग्दर्शकासमोर ते असेच हसले असतील, असं मनात आलं आणि माझं हसू विरलं.

आता राणीने म्हणायचं होतं, "फेका या भोपळ्याला बाहेर!"

रुचा सिंहासनावरून उठली, खाली आली आणि तिने काकांना हात दिला.

"आचारीबुवा, आमच्या दरबारात आधी तुम्ही बसायचं."

काकांनी एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग हात धरून उठले आणि सगळ्यांसमोर सिंहासनात बसले. रुचाने ताटात उरलेला एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

पडद्याआडून शिरोडकर कासावीस होऊन कुजबुजले, "काका, उठा! एक्झिट आहे तुमची!"

काकांनी लाडवाचा घास घेतला. डोळे भरून आले होते, आवाज मात्र खणखणीत.

"थांब रे मेल्या. बसूक दी जरा."